फर्माईश कोणाची, पैसे कोणाचे

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्राच्या सल्लागार समितीवर असलेल्या ताईंचा आहे. त्या अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्या केंद्रावर दोन महिन्यांपासून एकाच गायकाच्या अल्बमची गाणी दिवसातून चार-चार वेळा लागतात, आणि निवेदक पोरगा त्या गायकाकडून पैसे घेतो अशी गावात कुजबुज आहे. शिवाय दर मंगळवारी शेतीच्या कार्यक्रमात येणारे ‘तज्ज्ञ’ नेमकं एकाच कंपनीच्या औषधाचं नाव घेतात. ताई विचारतात: हा गुन्हा आहे का, सिद्ध कसा करायचा, तक्रार कुठे करायची, आणि तक्रार केली तर केंद्रच बंद पडणार नाही ना?

ताई, माझी एकतीस वर्षं रेडिओत गेली. आता विदर्भातल्या छोट्या केंद्रांवरच्या पोरापोरींना लॉग, म्हणजे कधी काय वाजलं याची नोंद, लिहायला आणि हिशेब ठेवायला शिकवतो. तुमच्या चार प्रश्नांत सिद्ध करण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, त्यामुळे त्यावरच जास्त लिहितो.

आधी चूक नेमकी कुठे आहे ते पाहू. निवेदकाला एखादं गाणं आवडतं म्हणून तो ते सारखं लावतो, यात गैर काही नाही. गायकाने पेनड्राइव्हवर आपली गाणी फुकट आणून दिली, हेही चालतं. गायकाने पैसे भरून जाहिरात केली आणि ऐकणाऱ्याला ती जाहिरात म्हणूनच ऐकू आली, तरी हरकत नाही. पैसे घेतले, ते लपवले आणि गाणं ‘श्रोत्यांच्या पसंतीचं’ म्हणून वाजवलं, तिथे फसवणूक होते. पैसे म्हणजे फक्त नोटा नव्हेत. मोबाइलचा रिचार्ज, गाडीत टाकून दिलेलं पेट्रोल, दिवाळीला घरी पोचलेलं तुरीचं पोतं, सगळं त्यातच आलं.

रेडिओवाले याला ‘पायोला’ म्हणतात. शब्द अमेरिकेतला, ‘पे’ला ‘व्हिक्ट्रोला’ या ग्रामोफोनच्या नावाचं शेपूट जोडून झालेला. तिथे १९५९-६० मध्ये संसदेच्या समितीपुढे याची जाहीर चौकशी झाली. ‘रॉक अँड रोल’ हे नाव घरोघरी पोचवणारा निवेदक ॲलन फ्रीड याची नोकरी गेली. १९६२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला ३०० डॉलर दंड झाला. खटला न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचखोरीच्या कायद्याखाली चालला, कारण पैसे घेतले गेले तेव्हा देशपातळीवर यासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो सप्टेंबर १९६० मध्ये आला, आणि त्याची रचना आपण नीट समजून घेण्यासारखी आहे. ज्याने पैसे घेतले त्याने केंद्राला सांगायचं, केंद्राने श्रोत्यांना सांगायचं. घेणारा दोषी तसा लपवून देणाराही दोषी. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्याकडे ‘पायोला’ नावाचा गुन्हा कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही. आकाशवाणीच्या नोकरदाराने असे पैसे घेतले तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागतो, कारण तो लोकसेवक. तुमच्या केंद्रावरचा पोरगा लोकसेवक नाही. पण म्हणून त्याला रान मोकळं आहे असंही नाही. सामुदायिक रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मिळतो आणि त्याच्या अटींत आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता पाळणं बंधनकारक आहे. जाहिरातीला तासाला बारा मिनिटांपर्यंत मुभा आहे. आधी ती सात मिनिटं होती, २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत वाढली. जाहिरातही स्थानिक धंदे, सेवा, कार्यक्रम आणि रोजगार यांचीच. प्रायोजित कार्यक्रम केंद्र व राज्य सरकारचे, किंवा लोकहिताची माहिती देणाऱ्या संस्थांचे असतील तरच. म्हणजे कंपनीने पैसे देऊन शेतीचा अर्धा तास विकत घ्यायचा आणि ‘सौजन्य’ म्हणून नाव सांगून मोकळं व्हायचं, हेसुद्धा तुमच्या केंद्राला चालत नाही. नाव सांगितलं की सगळं माफ, अशी अनेकांची समजूत आहे. खासगी एफएमची गोष्ट वेगळी, पण सामुदायिक केंद्राला ती समजूत महागात पडते.

आता पुराव्याकडे येतो. गावातली कुजबुज पुरावा होत नाही, आणि त्या पोराला चारचौघांत उभं करून विचारणं तर मुळीच करू नका. खोटं निघालं तर त्याचं गावात जगणं अवघड होईल. खरं असलं तर तो रात्रीतून सगळं पुसून टाकेल. मी तीन कागद शेजारी ठेवून पाहतो: काय वाजलं, कोणी मागितलं, पैसे कुठून आले.

काय वाजलं याचे दोन पुरावे केंद्रात असतात. एक हाताने लिहिलेला लॉग, दुसरा गाणी लावणाऱ्या सॉफ्टवेअरमधली यादी. हाताचा लॉग घाईत लिहितात, कधी दुपारी बसून एकदमच लिहितात, म्हणून सॉफ्टवेअरची यादी आधी काढा. त्यात गाणं किती वेळा लागलं यापेक्षा ते कोणाच्या पाळीत लागलं ते पाहा. समजा महिन्यात एक गाणं सव्वीसदा लागलं आणि त्यातलं चोवीसदा एकाच निवेदकाच्या पाळीत. तेवढ्याने दोष सिद्ध होत नाही, पण पाणी कुठे मुरतंय ते कळतं. तेच गाणं चारही निवेदकांच्या पाळीत सारखं लागत असेल, तर एक तर लोकांना खरोखर आवडलंय, नाहीतर व्यवहार त्या पोराच्या वरच्या पातळीवर झालाय. हे दुसरं मी पाहिलेलं आहे. पोराला बळीचा बकरा करण्याआधी तेवढं तपासा.

दुसरा कागद फर्माईशीचा. मी एका केंद्रावर तपासणीला गेलो होतो, तेव्हा फर्माईशी पोस्टकार्डावर येत. एका भजन अल्बमच्या गाण्यासाठी दोन महिन्यांत चाळीस-एक कार्डं आली होती, अकरा गावांहून. कार्यक्रम अधिकारी कौतुकाने गठ्ठा दाखवत होते. मी कार्डं टेबलावर पसरली. शाई एकच निळी, ‘कृपया’तला ‘कृ’ सगळीकडे सारखाच मोडलेला, आणि अकरा गावांच्या कार्डांवर शिक्का मात्र एकाच डाकघराचा. त्यातली दोन गावं त्या डाकघरापासून पन्नास किलोमीटरवरची. तिथला माणूस फर्माईशीचं कार्ड टाकायला एवढ्या लांब कशाला येईल? ती कार्डं तो गायक स्वतःच लिहीत होता आणि निवेदक त्याला कोरी कार्डं आणून देत होता. आता कार्डं गेली, व्हॉट्सॲप आलं, पण पद्धत तीच आहे. केंद्राच्या मोबाइलवर आलेल्या फर्माईशींचे नंबर एका वहीत उतरवा. पाच-सहा नंबरांवरूनच रोज तेच गाणं मागितलं जात असेल तर ते नंबर समितीतल्या दोघांनी फिरवून पाहावेत. ‘काकू, तुम्ही काल कोणतं गाणं मागितलं होतं जी?’ एवढंच विचारायचं. ज्याने खरंच मागितलं त्याला ते आठवतं, आणि तो सोबत आणखी चार गाणी सांगतो.

तिसरा कागद पावतीपुस्तक. जाहिरातीचा आणि घोषणेचा प्रत्येक रुपया केंद्राच्या पावतीने आणि बँकेच्या खात्यात आला पाहिजे. नियमाने तो केंद्राच्या खर्चालाच वापरायचा असतो. उरलेला केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या मूळ कामाला लावायचा तर मंत्रालयाची लेखी परवानगी लागते. निवेदकाच्या फोन पेवर आलेल्या पाचशे रुपयांची पावती फाटत नाही, आणि गाणं तर वाजलेलं असतं. लॉगमध्ये गायकाच्या कार्यक्रमाचं, अल्बमचं किंवा दुकानाचं नाव आहे आणि त्या तारखेला पावती नाही, अशा नोंदी लाल पेनाने वेगळ्या काढा. तुमचं अर्धं काम तिथेच होतं.

वेळ मात्र हातात कमी आहे. वाजलेला कार्यक्रम केंद्राने तीन महिने जपून ठेवायचा असतो, त्यापुढे नाही. पोळ्याच्या आठवड्यात वाजलेलं रेकॉर्डिंग मार्गशीर्षात मागाल तर ‘पुसलं’ म्हणून सांगतील, आणि नियमाने त्यांचं चुकलेलं नसेल. तुम्ही दोन महिने म्हणता, म्हणजे सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज आता काठावर आली आहेत. आधी त्यांची प्रत काढा, बाकी सगळं नंतर.

अमेरिकेत पुढे काय झालं तेही सांगतो, कारण १९६० चा कायदा होऊनही हे थांबलं नाही. गाण्यांच्या कंपन्यांनी मध्ये दलाल घातले. पैसे दलालाला, दलाल केंद्राला, आणि कंपनी हात झटकायला मोकळी. २००५ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी सोनी बीएमजी या गाण्यांच्या कंपनीकडून १ कोटी डॉलरची तडजोड घडवली. त्यांच्या हाती लागले होते कंपनीच्या माणसांचे ईमेल, ज्यांत कुठल्या केंद्राला काय दिलं की गाणं लागेल हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं होतं. २००७ मध्ये चार मोठ्या रेडिओ कंपन्यांनी मिळून सव्वा कोटी डॉलर भरले आणि स्थानिक व स्वतंत्र कलाकारांना मिळून ४,२०० तास द्यायचं मान्य केलं. मला दंडाहून हे तास जास्त महत्त्वाचे वाटतात. लपवाछपवीत खरं नुकसान होतं ते ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्या गायकाचं. त्याची जागा त्याला परत मिळाली तर नियम पाळला गेला असं मी म्हणेन.

तिथली ताजी गोष्ट तर थेट आपल्या गावातली वाटावी अशी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, रेडिओ केंद्रांना जाहीर सूचना दिली: आमच्या मेळाव्यात फुकट किंवा कमी पैशात गा, मग तुझी गाणी जास्त वाजवू, असा लपवलेला सौदा हाही पायोलाच. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचा एक वर्धापनदिन आठवला. खंजिरी भजनाच्या एका मंडळाला केंद्राच्या माणसाने सांगितलं होतं, ‘तुमी या, दोन तास भजन करा, महिनाभर तुमचंच भजन लावतो.’ मंडळ पदरमोड करून, गाडी ठरवून आलं. खंजिरीची कातडी दमट हवेत उतरली होती, ती शेकोटीवर तापवत दोघं जण मंडपामागे बसले होते. त्यांनी जीव ओतून भजन केलं. बोलल्याप्रमाणे महिनाभर ते वाजलंही. बाजूच्या गावात बायकांचं एक मंडळ होतं, त्यांचं भजन त्याआधी दर गुरुवारी सकाळी लागायचं. त्यांना बोलावणं होतं, पण कापूस वेचणीचे दिवस, रोज बुडवून येणं जमलं नाही. त्यांचं भजन बंद झालं. त्यातल्या एका बाईने मला विचारलं, ‘काहून जी साहेब, आमचं भजन बिघडलं काय?’ रेडिओच्या नोकरीत त्या प्रश्नाइतकी लाज मला कशाचीच वाटली नाही. कोणाच्या खिशात एक रुपया गेला नव्हता. केंद्राचा कार्यक्रम फुकटात झाला, एवढाच लाभ. पण त्या बायकांच्या आवाजाची किंमत त्याच लाभात वळती झाली होती, आणि हे त्यांना कोणी सांगितलंही नाही.

म्हणून मेळाव्याला, वर्धापनदिनाला, यात्रेतल्या कार्यक्रमाला कलाकार बोलवाल तेव्हा येण्याजाण्याचा खर्च आणि जमेल तेवढं मानधन द्या, आणि गाणी लागण्याशी त्याचा संबंध नाही हे पत्रात लिहा. पैसेच नसतील तर कार्यक्रमात सांगा की या मंडळाने विनामोबदला सेवा दिली. आणि नंतरच्या महिन्यात बाकीच्यांचा वेळ त्यामुळे आकसला नाही ना, ते लॉगमध्ये पाहा.

आता मंगळवारचे तज्ज्ञ. गाण्यातल्या लपवाछपवीने एखाद्या कलाकाराचं पोट मारलं जातं, औषधातल्या लपवाछपवीने माणूस मरू शकतो. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर तरी यवतमाळच्या कुठल्याही रेडिओवर औषधाचं नाव घेताना जीभ अडखळायला हवी.

माझ्या देखरेखीखालच्या एका फोन-इन कार्यक्रमात एकाने विचारलं होतं, ‘साहेब, दोन्ही औषधं एकाच पंपात टाकू काय?’ पाहुणे म्हणाले, ‘टाका, काही होत नाही.’ दोन्ही औषधं एकाच कंपनीची. निवेदक गप्प राहिला. तीन दिवसांनी कळलं की पाहुणे त्या कंपनीचे विक्री प्रतिनिधी आहेत आणि निवेदकाचा नवा मोबाइल त्यांनीच दिलाय. आम्ही लागोपाठ तीन दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, हे प्रसारित केलं: ‘मंगळवारच्या कार्यक्रमात बोलणारे पाहुणे औषध कंपनीचे कर्मचारी होते, हे आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन औषधं एकत्र करण्याचा त्यांचा सल्ला कृपया पाळू नका. डब्यावरची सूचना वाचा आणि कृषी सहायकांना विचारा.’ कोणाला इजा झाल्याचं आमच्या कानावर आलं नाही. तरी त्या तीन रात्री मला झोप लागली नव्हती.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ इथे तुमच्या कामाचा आहे. त्याखाली जून २०२२ मध्ये निघालेल्या जाहिरात मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: एखाद्या मालाची भलामण करणाऱ्याचं त्या कंपनीशी विश्वासार्हतेवर परिणाम करील असं नातं असेल, आणि ऐकणाऱ्याला ते सहज कळण्यासारखं नसेल, तर ते पूर्णपणे उघड केलं पाहिजे. माध्यम कुठलंही असो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. भलामण करणाऱ्यावर एक वर्ष आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. याची लेखी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते, चौकशी करून अहवाल पाठवण्याचा अधिकार कायद्याने त्यांना आहे. दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं.

यापुढे कार्यक्रमाला कृषी विज्ञान केंद्राचे किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ बोलवा, आणि पाहुणा कोणीही असो, माइक उघडण्याआधी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: मी अमुक ठिकाणी काम करतो, या कार्यक्रमासाठी मला अमुककडून इतके पैसे मिळाले किंवा मिळाले नाहीत. त्या ओळी निवेदकाने सुरुवातीलाच वाचायच्या. ज्याला लपवायचंय तो सही करताना घुटमळतो. मी हे अनेकदा पाहिलंय.

निवडणुकीच्या दिवसांत कोणी पुढारी गाणं किंवा मुलाखत घेऊन आला तर तो विषय जिल्हा माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीचा, तिला विचारल्याशिवाय काही लावू नका.

केंद्र बंद पडण्याची तुमची भीती खोटी नाही. पहिल्या उल्लंघनाला एक महिन्यापर्यंत प्रसारण थांबवता येतं, दुसऱ्याला तीन महिन्यांपर्यंत, त्यापुढे परवाना जातो. पण हे उल्लंघनाच्या गांभीर्यावर ठरतं. समितीने स्वतः शोधलं, संस्थेला लेखी कळवलं, रेडिओवर चूक सांगितली आणि पैसे खात्यात जमा करून घेतले, तर मंत्रालयासमोर तुमची बाजू वेगळी दिसते. संस्थाच सामील असेल तर मंत्रालयाला पत्र लिहा, सोबत लॉगच्या प्रती जोडा. अशा वेळी थांबू नका, कारण तिथे कुंपणच शेत खातंय.

आणि त्या पोराचं काय? बहुतेक केंद्रांवर निवेदकाला मिळतं त्यात त्याच्या गाडीचं पेट्रोलही निघत नाही. गायकाला राजरोस मार्ग दाखवा. सामुदायिक केंद्रांसाठी सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये आहे. तोच धरला तर अर्ध्या मिनिटाच्या घोषणेचे २२२ रुपये होतात. ‘अमुक गावच्या कलाकाराचा नवा अल्बम आलाय, ही जाहिरात आहे’ एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. त्या पैशातून निवेदकांचं मानधन थोडं वाढवा. पोराने पैसे घेतले असतील आणि तो कबूल करत असेल तर ते त्याच्याकडून खात्यात भरून घ्या, तीन महिने गाण्यांची निवड त्याच्याकडे देऊ नका, पण त्याला काढू नका. लपवून देणाऱ्या गायकाचीही गाणी तेवढेच दिवस बंद ठेवा. एकट्या पोराला शिक्षा झाली तर गायक दुसऱ्या पाळीचा निवेदक गाठेल.

तुमची समितीची बैठक गुरुवारी आहे म्हणता. नव्या सूचनांनुसार समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. तुमच्याकडे आहेत का ते पाहा, आणि फर्माईशीचे नंबर फिरवायचं काम त्यांच्याकडे द्या. घरातल्या बाईने फोन उचलला तर ती बाईशी मोकळं बोलते. बैठकीआधी पेनड्राइव्ह घेऊन जा, गेल्या नव्वद दिवसांची रेकॉर्डिंग्ज आणि सॉफ्टवेअरची यादी उतरवून घ्या, आणि प्रत कोणत्या तारखेला, कोणासमोर काढली ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. लाल पेनाच्या नोंदी काढून झाल्या की मला कळवा, मी येऊन तुमच्यासोबत बसतो.